न हलणारं पाणी

पडद्यावर दोन काळे डाग होते आणि त्या दोन डागांवरून दवाखान्यात तिघांची तीन मतं पडली होती.

"स्वच्छ! एकदम स्वच्छ!" आबा म्हणाले. "काळं म्हणजे नुसतं पाणी. त्यात काही म्हणजे काही नाही. पोरगं ठणठणीत आहे."

"दोन्ही मूत्रपिंडांच्या मध्यभागी द्रव साचलेला दिसतो," पडसाद म्हणाला. "उजवीकडे आठ मिलिमीटर, डावीकडे चौदा मिलिमीटर."

"तो चिखल पुसा आधी," खाटेवर पालथा पडलेला निहार कण्हत म्हणाला. "थंड लागतोय."

कस्तुरीला मात्र कुठलंच मत बनवता येईना. ती अकरा वर्षांची होती, धाकट्या भावापेक्षा, निहारपेक्षा, सहा वर्षांनी मोठी, आणि आज सकाळपासून तिला जे जे कुणी सांगितलं ते ते तिला खरंच वाटत होतं. आठ म्हणजे कमी की जास्त? पाणी साचणं वाईट ना? मग आबा इतके खूश का?

ही गोष्ट घडली तेव्हा कोकणच्या किनाऱ्यापासून साठ किलोमीटर आत, भर समुद्रात, पवनचक्क्यांची वसाहत उभी राहून सहा वर्षं झाली होती. पोलादी खांबांवर उभारलेल्या एका भल्यामोठ्या फलाटावर चाळीस कुटुंबं राहायची. कस्तुरीचे आईबाबा पवनचक्क्यांची पाती दुरुस्त करायचे आणि सध्या दोघंही लांबच्या रांगेत कामावर होते. घरी होते आबा, म्हणजे आजोबा भिकाजी मयेकर. चाळीस वर्षं तांडेल (मच्छीमार बोटीचा प्रमुख) म्हणून काम केलेला माणूस. फलाटावर डॉक्टर नव्हता. दवाखान्याच्या खोलीत होता पडसाद नावाचा यंत्रमानव. दिसायला चाकांवरच्या कपाटासारखा, दोन लांब हात असलेला. तो तपासण्या करायचा आणि किनाऱ्यावरच्या बालरुग्णालयातल्या डॉक्टर मुकादम पडद्यावरून त्याला पुढचं सांगायच्या.

निहारला तीन दिवस लघवीच्या वेळी आग होत होती. संध्याकाळी अंग तापायचं, हुडहुडी भरायची आणि डाव्या कुशीत दुखायचं. फलाटावरच्या सगळ्यांनी एकमतानं ठरवलं की पोराला उन्हाळी लागली आहे. मग काय, कुणी धण्याचं पाणी आणलं, कुणी भिजवलेला सब्जा, कुणी कोकम सरबत. आबांनी दोन शहाळी फोडली. आज सकाळी मात्र ताप एकशे तीनवर गेला, तेव्हा कस्तुरीच निहारला हाताला धरून इथं घेऊन आली आणि आबा कुरकुरत मागून आले.

पडसादनं आल्याआल्या निहारची लघवी तपासली. त्यात बुडवलेली कागदाची पट्टी पांढरट होती ती जांभळी झाली.

"लघवीत पांढऱ्या पेशी आहेत," डॉक्टर मुकादम पडद्यावरून म्हणाल्या होत्या. "त्या शरीराच्या शिपाई. त्या एवढ्या संख्येनं आल्या आहेत म्हणजे जंतू आत शिरलेत. आणि इतका ताप, हुडहुडी, कुशीतलं दुखणं, म्हणजे जंतू मूत्रपिंडापर्यंत चढले असावेत. पडसाद, प्रतिजैविकाचं (जंतू मारणाऱ्या औषधाचं) इंजेक्शन दे. मग सोनोग्राफी कर."

सुई टोचली तेव्हा निहार एवढा ओरडला की बाहेरच्या कठड्यावरचे समुद्रपक्षी उडाले. त्यानंतर पडसादनं त्याच्या पाठीवर तो थंडगार पारदर्शक लेप फासला आणि हाताच्या टोकाला असलेला चपटा ठोकळा त्यावर फिरवायला सुरुवात केली.

"हे मला विचार," आबा कस्तुरीला म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते तेज आलं होतं. "आमच्या बोटीवर हेच यंत्र होतं. मासे शोधायचं. बोटीच्या तळातून खाली आवाज सोडायचा. तो जातो, कशावर तरी आपटतो, परत येतो. परत यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. आणि किती जोरात परत आला त्यावरून समोर काय आहे ते कळतं."

"पण आवाज तर ऐकू येत नाहीये, आबा."

"श्राव्यातीत ध्वनी," पडसाद म्हणाला. "माणसाच्या कानाला ऐकू येतो त्यापेक्षा उंच पट्टीचा आवाज. माणसाला सेकंदाला जास्तीत जास्त वीस हजार कंपनं ऐकू येतात. मी सोडतो ती पन्नास लाख. पाच सेंटिमीटर खोल असलेल्या मूत्रपिंडावरून प्रतिध्वनी परत यायला किती वेळ लागतो? एका सेकंदाचे एक लाख भाग करा. त्यातले साडेसहा."

"आणि हा चिखल?" निहारनं विचारलं.

"लेप. ठोकळा आणि कातडी यांच्यामध्ये हवा राहिली तर जवळजवळ सगळा आवाज हवेवरूनच परत फिरतो. आत जातच नाही."

"बघ!" आबा म्हणाले. "आमचंही यंत्र पाण्यात बुडलेलं असायचं, हवेत नाही. बरं, आता चित्र. जिथून आवाज परत येत नाही तिथं काळं. म्हणजे नुसतं पाणी. जिथून आवाज जोरात परत येतो तिथं पांढरं. म्हणजे खडक, नाहीतर मासळीचा थवा. बरोबर ना रे?"

"बरोबर," पडसाद म्हणाला.

"मग? दोन्ही काळी. दोन्ही स्वच्छ."

"दोन्हींत द्रव साचलेला दिसतो."

"मग हे चांगलं की वाईट ते सांग ना!" कस्तुरी वैतागून म्हणाली.

"मी रंग, आकार आणि मापं सांगतो. निष्कर्ष डॉक्टर काढतात. तसा नियम आहे."

तेवढ्यात डॉक्टर मुकादम पुन्हा पडद्यावर आल्या. चित्र थरथरत होतं, आवाज तुटत होता. बाहेर समुद्र खवळायला लागला होता आणि तसं झालं की फलाटाचा संपर्क असाच धरसोड करायचा.

"चित्र पाहिलं मी," त्या भराभर बोलू लागल्या. "यानं पाणी किती प्यायलंय? मूत्राशय टम्म फुगलंय." मूत्राशय म्हणजे लघवी साठवणारी पिशवी. "पिशवी इतकी भरली की वरचं पाणी खाली यायला जागा उरत नाही, आणि मग चांगल्या मूत्रपिंडातही थोडं पाणी थांबतं. म्हणून या चित्रावरून काही सांगता येणार नाही. त्याला लघवी करायला लावा. वीस मिनिटांनी पुन्हा चित्र काढा. दोन्हीकडचं काळं गेलं तर तिथंच उपचार करू. पण एका बाजूचं जरी काळं राहिलं तर..."

आणि पडदा विझला.

"तर काय?" कस्तुरी ओरडली. "पडसाद, तर काय?"

"संपर्क तुटला. ध्वनिमुद्रण आहे." त्यानं ते तीनदा ऐकवलं. तिन्ही वेळा ते 'राहिलं तर' पाशीच थांबलं.

"राहिलं तर काळजीचं कारण नाही," आबांनी वाक्य पुरं केलं. "दुसरं काय म्हणणार?"

"अपूर्ण वाक्य मी पूर्ण करत नाही," पडसाद म्हणाला.

आता पहिलं काम निहारला लघवी करायला लावण्याचं. तो काही केल्या तयार होईना. "आग होते," तो म्हणाला. मग, "मला शू आलीच नाहीये." मग, "ताई बाहेर जा." मग, "पडसादलापण बाहेर पाठव." पडसाद निमूटपणे बाहेर जाऊन भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. आबांनी नळ बारीक सोडला. आतून बराच वेळ काही ऐकू आलं नाही, मग निहारचं रडणं ऐकू आलं, आणि मग आबा दारातून डोकं काढून म्हणाले, "झालं गो बाय. कधीची धरून ठेवली होती, पूर आला नुसता."

वीस मिनिटांनी दुसरं चित्र निघालं तेव्हा तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. चारला किनाऱ्याकडे बोट सुटायची. समुद्राचा रागरंग पाहता पुढची बोट दोन दिवसांनंतरच, असं बोटवाल्यांनी सकाळीच कळवलं होतं.

उजव्या मूत्रपिंडातलं काळं गेलं होतं. तिथं मधोमध एक लांबट पांढरा पट्टा दिसत होता. डाव्या मूत्रपिंडातलं काळं जवळपास तसंच होतं.

"उजवीकडे शून्य. डावीकडे तेरा मिलिमीटर," पडसाद म्हणाला.

आबा पडद्याजवळ गेले. त्यांचा चेहरा उतरला. "अरे देवा. उजवीकडे बघ. मगाशी स्वच्छ होतं, आता पांढरं आलं. काहीतरी आहे त्यात. थवाच्या थवा आहे. उजवं बिघडलं."

"पण आबा, दुखतंय तर डावीकडे."

"लहान पोराला काय कळतं दुखतंय कुठं ते?"

"मला कळतं!" निहार म्हणाला. "इथं!" आणि त्यानं डाव्या कुशीवर थाप मारून घेतली आणि पुन्हा रडू लागला.

कस्तुरीच्या डोक्यात नुसता गुंता झाला. डॉक्टर म्हणाल्या काळं गेलं तर बरं. आबा म्हणतात काळं राहिलं तर बरं. निहार म्हणतो डावीकडे. पडसाद म्हणतो शून्य आणि तेरा. "आपण बोटीनं जाऊया का?" तिनं विचारलं. "डॉक्टरांनाच विचारू."

"खुळी की काय तू? बाहेर लाटा बघितल्यास? तीन मीटरची उसळी आहे. एवढा ताप असलेल्या पोराला त्यात घालायचं? अर्ध्या वाटेत त्याला काही झालं तर बोट वळवताही येणार नाही. डॉक्टरबाईंनी इंजेक्शन दिलंय ना? मग झालं. दोन दिवस वाट बघू." आबा खुर्चीत बसले. ते हट्टानं बोलत नव्हते, घाबरून बोलत होते. समुद्रानं काय काय नेलं ते त्यांनी पाहिलं होतं.

आणि मोठ्या माणसानं अंगठा लावल्याशिवाय लहान मुलाला खवळलेल्या समुद्रात बोटीवर घेत नसत.

कस्तुरी पडद्याकडे पाहत राहिली. आबा चुकतील कसे? चाळीस वर्षं त्यांनी असली चित्रं वाचलीत. काळं म्हणजे पाणी, हे तर पडसादनंही मान्य केलं. मग पांढरं म्हणजे काहीतरी आहे, हेही खरं. पण ते काहीतरी असायला हवं की नको, हे कुणाला माहीत? आबांनी माणसाच्या पोटातलं चित्र याआधी कधी पाहिलं होतं? निरोगी माणसाचं मूत्रपिंड दिसतं तरी कसं?

ती एकदम उठली आणि दुसऱ्या खाटेवर पालथी झाली. "पडसाद, माझं चित्र काढ."

"तुमची तक्रार काय?"

"काहीच नाही. मला ताप नाही, आग नाही, कुशीत दुखत नाही. म्हणूनच काढ."

लेप खरोखरच बर्फासारखा होता. पडसादनं ठोकळा फिरवला आणि पडद्यावर कस्तुरीची दोन मूत्रपिंडं उमटली. घेवड्याच्या मोठ्या दाण्यांसारखी. बाहेरून करडी, आणि मधोमध दोन्हींत लांबट, लख्ख पांढरा पट्टा.

"उजवीकडे शून्य, डावीकडे शून्य," पडसाद म्हणाला.

आबा चष्मा पुसून दोनदा पाहून आले. "तुझ्यातही थवा?"

"मी धडधाकट आहे, आबा. सकाळी चार घावन खाल्लेत मी."

"मग हे पांढरं काय रे?"

"चरबी आणि रक्तवाहिन्या," पडसाद म्हणाला. "त्यांत पुष्कळ बारीक पडदे असतात. प्रत्येक पडद्यावरून प्रतिध्वनी येतो, म्हणून पांढरं दिसतं. त्यांच्या मध्ये लघवी गोळा होणारी जागा असते. लघवी तयार होते तशी लगेच मूत्रवाहिनीतून (मूत्रपिंडाकडून मूत्राशयाकडे जाणाऱ्या नळीतून) खाली जाते. तिथं पाणी थांबत नाही. रिकाम्या पिशवीसारखी ती जागा मिटलेली असते."

"हे मगाशी का नाही सांगितलंस?" कस्तुरी जवळजवळ किंचाळली.

"मगाशी हा प्रश्न कुणी विचारला नाही."

कस्तुरी तशीच लेपानं माखलेली उठून बसली. हळूहळू एकेक धागा सुटत होता. "आबा, ऐका. समुद्रात पाणी असायलाच हवं. म्हणून तिथं काळं दिसलं तर काही बिघडलेलं नसतं. पण मूत्रपिंडात पाणी थांबायला नको. तिथं काळं दिसलं तर बिघडलंय. निहारनं शू केली तेव्हा उजवीकडचं पाणी खाली उतरलं. डावीकडचं उतरलंच नाही. त्याला वाटच नाहीये."

आबा खुर्ची पडद्याजवळ ओढून बसले. त्यांनी पडसादला ठोकळा पुन्हा निहारच्या पाठीवर डावीकडे टेकवायला लावला.

"मुखाशी वाळूचा बांध पडलेली खाडी," ते पुटपुटले. "पाणी मागं तुंबून राहतं. भरती नाही, ओहोटी नाही. दहा दिवसांत त्याला वास मारायला लागतो." मग ते एकदम पुढं वाकले. "पडसाद, हे काळं पुरतं काळं नाहीये. जरा उजेड वाढव."

पडसादनं वाढवला. कस्तुरीला काहीच दिसेना. काळं ते काळंच.

"पोराला कुशीवर वळव," आबा म्हणाले. "सावकाश. ठोकळा हलवू नको."

निहार कुरकुरत वळला. आणि मग कस्तुरीलाही दिसलं. त्या काळ्यात अगदी बारीक करडे ठिपके होते. तो वळला तसे ते हलकेच उठले, तरंगले आणि नव्या तळाशी जाऊन बसले.

"गाळ," आबा म्हणाले. "गढूळ पाणी आहे हे. नितळ पाण्यात असं काही तरंगत नाही." त्यांनी चष्मा काढला. "चांगलं-चांगलं म्हणून मी ज्याच्याकडे बोट दाखवत होतो, तेच नासलंय."

"काळ्या भागात तरंगते, तळाशी बसणारे प्रतिध्वनी. नोंद केली," पडसाद म्हणाला. "ही नोंद माझ्याकडे नव्हती. मी रुग्णाला वळवून पाहिलं नव्हतं."

"किती वाजले?"

"तीन एकतीस."

आबांनी निहारला गोधडीसकट उचललं. "कस्तुरे, माझा रेनकोट घे. आणि ती बादली घे, हा वाटेत ओकणार. पडसाद, निहारची सगळी चित्रं बोटीवर पाठव, संपर्क आला की पहिली तीच डॉक्टरबाईंकडे जाऊ देत." दारात ते क्षणभर थांबले. बाहेर लाटा खांबांवर आपटत होत्या. मग त्यांनी तिथल्या पाटीवर अंगठा टेकवला.

बोटीत निहार दोनदा ओकला आणि आबा एकदाही बसले नाहीत. एका हातानं कठडा आणि दुसऱ्या हातानं नातू धरून ते येणारी प्रत्येक लाट आधीच सांगत होते, "आता उजवीकडून येईल. आता खाली. आता जरा बरं." कस्तुरी डोळे मिटून ते ऐकत राहिली. अर्ध्या वाटेत संपर्क आला आणि डॉक्टर मुकादमांचा आवाज घुमला, "वेळ घालवू नका! थेट या. मी धक्क्यावरच गाडी उभी करते."

त्या संध्याकाळी रुग्णालयात निहारला गुंगी देऊन, सोनोग्राफीच्याच चित्रात पाहत, त्याच्या पाठीतून डाव्या मूत्रपिंडात एक बारीक नळी घातली. तिच्यातून ताकासारखं पांढुरकं पाणी बाहेर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ताप उतरला.

"मूत्रवाहिनी जिथं सुरू होते, तिथली वाट त्याची जन्मापासूनच अरुंद आहे," डॉक्टर मुकादम म्हणाल्या. त्या पडद्यावर दिसायच्या त्यापेक्षा बऱ्याच बुटक्या होत्या आणि बोलताना शेंगदाणे खायच्या. "पाणी तुंबलं, त्यात जंतू वाढले. नुसत्या औषधानं भागलं नसतं, कारण तुंबलेल्या जागी औषध नीट पोचत नाही. आणखी दोन दिवस गेले असते तर मूत्रपिंड वाचलं असतं की नाही, मला सांगता आलं नसतं. आता तो सुधारला की छोटी शस्त्रक्रिया करून वाट मोठी करू."

"म्हणजे सोनोग्राफीत जंतू दिसतात," कस्तुरी म्हणाली.

"छे! जंतू कुठले दिसायला? ते लघवीच्या तपासणीत कळतात. सोनोग्राफीत फक्त वाट मोकळी आहे की तुंबलीय, मूत्रपिंड सुजलंय का, ते दिसतं."

"मग ज्याची वाट मोकळी आहे, त्याच्या मूत्रपिंडात जंतू नसतात?"

"असू शकतात. पुष्कळदा असतात. चित्र अगदी छान येतं आणि मूल तापानं फणफणलेलं असतं."

कस्तुरीनं कपाळाला हात लावला. कुठं जरा उलगडतंय म्हणावं तर पुन्हा गुंता! "मग चित्राचा उपयोग काय?"

"एका तपासणीला एकच प्रश्न विचारायचा," डॉक्टर शेंगदाण्याची पुडी तिच्यापुढे करत म्हणाल्या. "जंतू आहेत का, हे लघवीला विचार. वाट मोकळी आहे का, हे आवाजाला विचार. जंतूंनी मूत्रपिंडाला केलेल्या जखमेचा व्रण राहिला का, हे चार-सहा महिन्यांनी आणखी एका तपासणीला विचारू. एकाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्यानं द्यावं असं धरलं की घोळ होतो. अगं, मोठमोठ्या डॉक्टरांचाही होतो."

तिसऱ्या दिवशी पुन्हा चित्र काढलं. या वेळी खोलीत तीन शिकाऊ डॉक्टर होते आणि त्यांच्या मागं टाचा उंचावून आबा उभे होते. पडद्यावर डावं मूत्रपिंड उमटलं. काळं आक्रसून एका फटीएवढं उरलं होतं आणि तिच्या दोन्ही काठांना फिकट, अगदी फिकट पांढरं दिसू लागलं होतं.

"आजोबा, तुम्हाला काय दिसतं?" डॉक्टर मुकादमांनी मागं वळून विचारलं.

शिकाऊ डॉक्टर बाजूला झाले. आबा पुढं आले. त्यांनी घाई केली नाही. पडद्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाहिलं. मग निहारला कुशीवर वळवून पुन्हा पाहिलं.

"गाळ नाही," ते म्हणाले. "पण माझं एकट्याचं धरू नका. लघवीचंही विचारा."

"विचारलंय. जंतू कमी होतायत," डॉक्टर म्हणाल्या. "आणि तुमचं ते कुशीवर वळवणं आम्ही समुद्रातल्या सगळ्या फलाटांवरच्या पडसादांकडे पाठवलंय. काल दुपारपासून प्रत्येक पडसाद काळं दिसलं की मुलाला वळवून बघतो."

"सगळे?" कस्तुरीनं विचारलं.

"सगळे बेचाळीस."

कस्तुरीच्या डोळ्यांसमोर बेचाळीस कपाटं बेचाळीस कुरकुरणाऱ्या मुलांना सावकाश कुशीवर वळवताना आली आणि तिला हसू फुटलं.

"हसतेस काय?" खाटेवरून निहार म्हणाला. "मला भूक लागलीय. आणि ताई, मला शू आलीय. खरीखुरी आलीय."